मेलेला चौकोन

आमच्या माझगावच्या कोर्टवर
डावीकडच्या पोलपासून चार पावलांवर
सिमेंटचा एक चौकोन मेलेला आहे.
मी एफवायला असताना तिथली पाइपलाइन फुटली होती.
वरून बुजवलं, आत पोकळ राहिलं.
तिथे आपटलेला चेंडू
गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही.

हे ठाऊक असलेली टीममध्ये मी एकटी.
बाकीच्या सगळ्या कालपरवा बारावी झालेल्या,
केसांना अजून शाळेच्या रिबिनींचा बाक.
कुटिन्हो सर माझी ओळख करून देतात
'आमची अनुभवी खेळाडू' अशी.
म्हणजे उडी संपली, असं मी ऐकते.

तहूरा नागपाड्याची.
थोरल्या भावाच्या बुटांत
दोन-दोन मोजे कोंबून खेळते,
तरी वर चढली की
खाली यायचं विसरल्यासारखी.
तीन वर्षं घासून मी जो डाव्या हाताचा लेअप कमावला
तो तिने पहिल्याच संध्याकाळी
एकदा पाहिला आणि मारला.
कुणाशी तरी बोलता बोलता.
मला वाईट नाही वाटलं, असं मी घरी सांगितलं.
कुणी विचारलं नव्हतं.

सहा मॅच. सहाही हरलो.
पार्ल्याच्या मुलींनी तर शेवटची पाच मिनिटं
आपल्या राखीव मुली उतरवल्या,
तेवढाच त्यांना सराव.
तहूरा एकटी वीस-बावीस गुण करायची
आणि जवळजवळ तितकेच चेंडू घालवायची.
कोण मोकळं आहे ते तिला दिसायचं नाही.
मला दिसायचं,
पण गुडघा तिथे पोचायचा नाही.
सर म्हणाले, तुम्हा दोघींची मिळून एक करता आली असती तर!
आणि व्हॅनमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

सातवी मॅच घरच्या कोर्टवर.
आदल्या दिवशी मी तिला बुटाच्या टोकाने
तो चौकोन आखून दाखवला.
इथून जायचं नाही. कधीच.
"जोरात मारला तर उसळेल ना, दीदी?"
नाही उसळत, मी म्हटलं.
तीन वर्षांच्या अधिकाराने.

एका गुणाने मागे. अकरा सेकंद.
ती डावीकडून सुटली,
समोर दोघी आल्या, वळायला जागा नाही,
आणि तिने चेंडू
नेमका त्या चौकोनावर हाणला.
मी डोळे मिटलेसुद्धा.

उसळला.
कमरेपर्यंत नाही, मांडीपर्यंत,
पण उसळला.
तिने वाकून उचलला, वर गेली, सोडला.
रिंगवर दोनदा फिरून
बाहेरच्या बाजूला पडला.

हरल्यावर काय करायचं ते मला पाठ आहे.
हात मिळवायचे, 'वेल प्लेड' म्हणायचं,
बाटल्या गोळा करायच्या, अंपायरबद्दल काहीतरी बोलायचं.
हिरल, सुझान, मैत्रा, सगळ्या हे शिकल्या.
माझ्याकडूनच.
बाकी काही इतक्या चटकन शिकल्या नाहीत.

तहूरा बाटल्या गोळा करायला आली नाही.
ती चौकोनावर उभी राहून
चेंडू आपटत होती.
ठप्. ठप्.
गोदीतल्या क्रेनचे दिवे लागले,
वॉचमन फाटकाची किल्ली वाजवत येऊन उभा राहिला,
मी गुडघ्याला बर्फ बांधून बसलेली.

"दीदी, तेव्हा हिरल मोकळी होती ना?"
होती.
"तुला दिसली होती?"
हो.
"मग ओरडायचं ना!"

मी काय सांगणार होते?
की अकरा सेकंद उरले होते तेव्हाच
मी मनात बाटल्या मोजायला लागले होते?

बर्फाची पिशवी सोडली.
म्हटलं, दे इकडे चेंडू.
चौकोनावर उभी राहिले
आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आपटला.

घोट्यापर्यंत आला.

"पुन्हा," ती म्हणाली.