छाट

सकाळी साडेनऊला पुण्याच्या टीमसोबत स्टँडअप.
काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय.
मी म्हणते, काही अडलं नाही.
खरं तर अडलेलं असतं,
पण नळही आजच आलेला असतो, पाचव्या दिवशी,
आणि माइक चालू राहिला तर
घागरींचा आवाज थेट मॅनेजरच्या कानात.

बारावीनंतर कंपनीनं घेतलं आम्हाला, जिल्ह्यातून अकरा जण.
पाच दिवस काम, शनिवारी डिग्रीचे तास,
फी त्यांची, वर महिन्याला पगार.
पत्र वाचून दाखवलं तर आई म्हणाली,
"पान त्यांचं, तंबाखू त्यांची.
मग छाट किती काढणार, ते विचार."

आई हजार विड्या वळते दिवसाला.
कारखान्यात तपासणारा मूठ उचलतो,
ही जाड, हिचा दोरा सैल, हिचं तोंड उघडं,
मोडून बाजूला टाकतो.
ती छाट. मजुरीत धरत नाहीत.

बसच्या पासाच्या अर्जावर दोनच चौकोन,
विद्यार्थी किंवा नोकरदार.
मी दोन्हीवर खूण केली.
खिडकीतला माणूस म्हणाला, "एक काय ते ठरव की गं."
मागं रांग होती. ठरवलं नाही. तिकीट काढते रोज.

पहिला कोड पाठवला, नऊ ओळींचा.
सतरा शेरे आले.
मेंटॉर जहीर नदाफ, मूळचे नई जिंदगीचे,
मीटिंगमध्ये इंग्रजी, नंतर फोनवर आपले सोलापुरी:
"एक्स-वन हे काय नाव झालं?
उद्या पोराचं ठेवशील काय असं?"

संध्याकाळी आईनं विचारलं, "छाट येन्नी?"
घरात आमचं तेलुगू, छाट तेवढी मराठीच.
"सतरा."
"नवात सतरा?"
मांडीवरचं सूप हलायचं थांबलं.
"म्हणजे न वळलेल्याही मोडल्या की त्यांनी!"

मे महिन्यात लॅपटॉप मांडीवर घेववत नाही,
पिठाच्या डब्यावर ठेवते, पंख्याची मान माझ्याकडं.
त्याच दिवसांत एक तक्रार माझ्या नावावर पडली:
फॉर्म काही पत्ते घेत नाही. प्राधान्य, कमी.
मी आमचाच घालून बघितला,
ब ग्रुप, १४६/३, विडी घरकुल.
खाली लाल अक्षरं उमटली,
कृपया योग्य पत्ता लिहा.

ह्या १४६/३ साठी आई किती मोर्च्यांत चालली
ते तिलाही आता आठवत नाही.
मला चपला आठवतात, दाराशी,
टाचेकडं पार झिजलेल्या.

दोन दिवस शोधलं.
अडत होतं ते आकड्यांमधल्या तिरक्या रेघेला.
ज्यानं कुणी लिहिलं होतं, त्याच्या डोक्यात
घर म्हणजे एक नंबर नि एक रस्ता.
वाईट माणूस नसेल. घाईत असेल.
तरी मी रात्री उशिरापर्यंत चिडलेली होते,
आणि चिडून लिहिलेला कोड सकाळी सगळा पुसला.

मग सावकाश लिहिला. टेस्टमध्ये आमचं घर घातलं.
जहीरभाईंचा शेरा: हा पत्ता खरा आहे काय?
हो, म्हटलं.
मग बदल. खऱ्या माणसाचं काही टेस्टमध्ये टाकायचं नसतं.
मी १४६ चे ६४१ केले.
तिरकी रेघ ठेवली.

दुसरा शेरा एका मोकळ्या ओळीबद्दल होता. काढली.
गुरुवारी रात्री ते सगळीकडं गेलं.
कुणाला काही कळलं नाही,
कळू नये असंच काम ते.

"छाट येन्नी?"
"दोन."
आईनं विडीचं तोंड नखानं दाबून बंद केलं.
"ह्या खेपेला पान बरं आलं असणार," म्हणाली,
आणि माझ्याकडची कात्री मागितली.