करंगळीएवढी फट

पॉवर टिलरच्या ट्रेलरला भोक पडलंय
हे मला रोपांनी सांगितलं.
खळ्यापासून थेट गिरणीपर्यंत
वाटेच्या मधोमध भाताची हिरवी रेघ,
कुणी न पेरलेली.
पत्र्याच्या दातांनी पोतं फाडलं होतं.

पत्रा तसा कधीचाच पापड झालेला.
उन्हाळाभर चिरे, कडा घासत उतरलेले,
मग माडांना घालायची कुटी,
ओली, रात्रभर खारं पाणी गाळणारी.
अंगठा दाबला तर
अंगठा पलीकडे गेला.

आचरा तिठ्यावरचा वेल्डर इनास म्हणाला,
चेकर्ड प्लेट टाक, पाच एमएम, मग बघायला नको.
म्हणजे टिलरची निम्मी ताकद
प्लेटलाच घाटी चढवण्यात जाणार.
तीन एमएम?
तीन पावसाळे, म्हणाला. एमएमला एक.
मरीन प्लायच्या कडा फुगतात.
ॲल्युमिनियमचा भाव ऐकून
मी दोघांना चहा सांगितला.

खाडीच्या काठी सुभान होडेकरची
मोडीत काढलेली होडी उपडी पडली होती.
ऐनाच्या फळ्या,
तेहतीस वर्षं मोरीचं तेल प्यायलेल्या.
नख टोचून पाहिलं, नखच दुखलं.
"ने," सुभान म्हणाला,
आणि पैसे मोजून होईपर्यंत
दुसरीकडे बघत राहिला.

फळ्या बसवायला लाडू मेस्त आला.
दोन फळ्यांत करंगळीएवढी फट ठेवा, मी म्हटलं,
पाणी निथळायला हवं,
लाकडाला फुगायला जागा हवी.
त्याने रंधा खाली ठेवला.
"चाळीस वर्सां फटीच बुजवत इलंय.
आता माका फट सोडूक सांगतंस, बाय?"

दुपारभर काही बोलला नाही.
स्टीलचे बोल्ट आवळताना
दर फळीनंतर स्वतःची करंगळी
मधे घालून बघायचा,
बाहेर काढायला जरा वेळ लावायचा.
जाताना चहाही घेतला नाही.

काल कुटी उतरवून ट्रेलर धुतला.
पाणी सरळ खाली गेलं, आठही फटींतून.
नववी, पार मागची, फाळक्याजवळची,
कापूस आणि राळ ठासून
चोख बंद केलेली.

तिथे थोडं पाणी साचतं.
साचू दे.