रिकाम्या घराचा रंग

नियम साधा होता.
पेटीचं वजन पंधरा किलोच्या खाली गेलं
की तक्त्यातलं तिचं घर लाल.
अठराच्या वर, हिरवं.
मधलं सगळं पिवळं.

बोहिन्यच्या खोऱ्यात, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या सोसायटीत
मी हे कॉफीच्या सुट्टीत बसवलं
आणि यर्नेयला दाखवलं.
चष्मा कपाळावर ढकलून तो म्हणाला,
"हे तर आमच्या पेट्यांसारखंच झालं की."

त्याच्या बेचाळीस पेट्या, उतारावर,
फडताळासारख्या एकीवर एक.
कुणाच्या तोंडावर घंटा वाजवणारा कोल्हा,
कुठे बकऱ्यावर बसलेला शिंपी,
एक नुसतीच निळी, कारण त्या वर्षी रंगारी आजारी होता.
"चित्रं आपल्यासाठी," तो सांगे,
"माशीला रंग पुरतो, परतताना घर चुकू नये एवढा."

हिवाळाभर दर रविवारी फोन.
मी नवा स्तंभ घ्यायचे तो उघडतानाच लाल,
वरपासून खालपर्यंत.
मग तो बोलत जाई आणि लाल विझत जाई:
"एक नंबर, साडेसतरा. दोन, एकोणीस.
तीन... थांब, तीन हलकी लागतेय हाताला."
चौदा. घर लालच राहायचं.
"झालं?"
"झालं."
"मग साखरेची वडी ठेवून येतो."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी फोन आला नाही.
सोमवारी कळलं.
स्तंभ तसाच उघडा होता,
बेचाळीसच्या बेचाळीस लाल.

संध्याकाळी त्याची बहीण पोल्दा
बोटाच्या पेराने एकेक पेटी ठोकत गेली,
"यर्नेय गेला. तुम्ही राहा."
मी मागून कंदील धरून.
तिसऱ्या पेटीला कान लावला.
आत ते होतं, दूरच्या खोलीत
कुणी झोपेत कण्हावं तसं.

यंत्राचं गणित असं:
रिकामं म्हणजे शून्य,
आणि शून्य पंधराहून लहान.
त्याचं चुकलं म्हणता येत नाही.
मीच कधी विचारलं नव्हतं त्याला
की न सांगितलेलं तू काय समजतोस.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वर एक नियम घातला:
घर रिकामं असेल तर रंग नको,
आणि इथेच थांब, खालचं काही वाचू नकोस.
स्तंभ पांढरा झाला.
मागच्यापुढच्या आठवड्यांची सरासरी काढून
तो भरता आला असता, तालुक्याच्या अहवालाला चाललं असतं.
नाही भरला.

पुढच्या रविवारी पोल्दाचा फोन.
तिला दशांश बोलता येत नाही,
"सोळा आणि वर थोडं," म्हणते.
तीन नंबरला ती बराच वेळ गप्प.
काटा वाचतेय की श्वास घेतेय, कळेना.
"साडेतेरा," शेवटी.
घर लाल झालं.

तिने काही विचारलं नाही.
मी तरी म्हटलं, "झालं."