अंगठ्याला दोरा

पटवेकऱ्याच्या घरात
पायाचा अंगठा हा तिसरा हात.
कऱ्हाडच्या सराफकट्ट्यावर बाबा
अंगठ्याला दोरा अडकवून बसत,
मेण लावलेलं टोक दातांत,
त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं
नाकातून.

मनामाच्या सोनेबाजारात मालकाने
खुर्ची दिली, टेबल दिलं,
टेबलाच्या कडेला एक खिळा ठोकून दिला.
म्हणाला, इथे कुणापुढे तळवा दाखवायचा नाही.
बेचाळिसाव्या वर्षी बाबा
बूट घालून गाठवायला शिकले.
शुक्रवारी घरी सतरंजीवर टेकले
की अंगठा आपोआप वर व्हायचा,
दोरा मागत.

ओवणं कुणालाही येतं.
गाठवणं म्हणजे
एक मणी गेला तर बाकीचे राहिले पाहिजेत.
मला त्यांनी शिकवलं एवढंच.
बाकी बघून.

आता मी. तिसरा मजला, स्वयंपाकघराचं टेबल,
खाली मलबाऱ्याची चहाची टपरी.
भाद्रपदात फोन सुरू होतात:
ताई, नथ, गौरींच्या आधी,
आणि जरा कमी करा ना.
बाहेर हवा ओल्या टॉवेलसारखी,
घामाने रेशीम फुगतं,
म्हणून एसी दिवसभर अठरावर.
भाव करताना एसीचं बिल
कुणीच धरत नाही.

हेमांगी नर्स आहे. फोनवर कुजबुजली,
ताई, माझं तुटलं.
तुटलं म्हणू नये, वाढलं म्हण.
वाढलं ताई. ड्यूटीवर. पेशंटने ओढलं.
औषधाच्या बाटलीत काळे मणी घेऊन आली.
मोजले, अकरा कमी.
ते अकरा आयसीयूच्या फरशीवर
कुठल्याशा खाटेखाली
अजून संसार करत असतील.
कऱ्हाडचे मणी घातले. रंगात उन्नीस-बीस.
दीड दिनार.

आणि मग उम्म राशिद, मुहर्रकहून,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर धरून.
डब्यात लाल फडकं, फडक्यात
तिच्या आजीचे मोती.
आजा बुडी मारायचा, नाकाला चिमटा, पायाला धोंडा,
हे तिने हातवाऱ्यांनी सांगितलं.
एक मोठा बोटाने पुढे सरकवला: दाना.
आमचाच की दाणा,
फक्त जीभ टाळूला लागायची राहिली.

दोऱ्याची माती झालेली.
फाशाजवळ एक गाठ तेवढी शाबूत,
डाळिंबी रेशमाची,
डावीकडे वळलेली.

बाबा डावरे होते.
बाबांची प्रत्येक गाठ डावीकडे वळायची.
पण ही बाबांच्या जन्माआधीची.

कुणी बांधली, मी विचारलं.
हिंदी, ती म्हणाली,
आणि हात समुद्राकडे केला.
समुद्र या खिडकीतून दिसत नाही.
समोर पार्किंग आहे.

मोती तिकडे जाऊन गाठवून आले,
की कुणी इथेच येऊन बसलेलं,
तळवा लपवत, की न लपवत?
जगात डावरे पुष्कळ.
मी काही बोलले नाही.

जुना दोराही परत हवा, ती म्हणाली.
म्हणून कात्री नाही लावली. सुईच्या टोकाने
उकलली गाठ. पाऊण तास.
पाऊण तासाचे पैसे धरले नाहीत,
बाकी चार दिनार.

गुडघा गेल्यापासून मला खाली बसवत नाही,
आणि मोत्यांना खिळ्याचा ताण सोसत नाही.
ऋजुताला हाक मारली,
पाय दे.
आई, काहीही काय!
दे. अंगठा.
समोरच्या खुर्चीवर ती पाय पसरून बसली,
मोबाईल बघत, वैतागून,
कुणाला तरी माझा फोटोही पाठवला असेल.

सत्तावन्न मोती.
मध्ये एकदा ती हसली कशाला तरी.
दोरा ढिला पडला नाही.