उपसा

आमच्या घराण्याचा धंदा एकच: उपसा.
आजोबांनी पवनचक्कीने उपसलं, बापाने वाफेच्या इंजिनाने,
ईलीच्या खालच्या दलदलीतलं पाणी,
डबक्यातून चरात, चरातून नदीत.
पाणी गेलं तिथे काळी माती उघडी पडली,
आणि सुकत सुकत खाली बसत गेली.
आजोबांनी जमिनीच्या पातळीला ठोकलेला ओकचा खांब
बापाच्या तरुणपणी गुडघ्याला लागायचा,
माझ्या वेळी हनुवटीला.

मी हवा उपसायला गेलो.
केंब्रिजला, एका प्रयोगशाळेच्या तळघरात,
आठवड्याला नऊ शिलिंग, शहाण्णवच्या हिवाळ्यात.

पाऱ्याचं भांडं डोक्याच्या वर उचलायचं:
पारा नळीतून चढतो, हवेचा एक घोट बाहेर ढकलतो.
भांडं गुडघ्यापर्यंत उतरवायचं:
आत उरलेली हवा पांगते, विरळ होते.
पुन्हा वर.
पाणी जड असतं म्हणणाऱ्या माझ्या बापाने
कधी पारा उचलला नव्हता.

संध्याकाळी आई विचारी, आज काय केलंस, जेथ्रो?
रिकामं केलं, मी म्हणे.
म्हणजे रिकामाच बसलास ना, ती म्हणे,
आणि भांडी माझ्यापुढे सरकवी.

नळी पीचीने फुंकलेली. खोकत खोकत फुंकायचा,
पण काचेत एक बुडबुडा राहू द्यायचा नाही.
एका टोकाला फुगा, मध्ये समोरासमोर दोन पत्रे.
वीज सोडली की फुग्याच्या पोटावर
कोवळ्या वाटाण्याच्या रंगाचा एक ठिपका.
पत्र्यांना बॅटरी जोडली की तो सरकायला हवा.
सरके,
आणि लगेच जागेवर परत,
मास्तरांनी मान वळवताच गप्प झालेल्या पोरासारखा.

आत अजून हवा आहे, वरून कोणीतरी म्हणालं.
पीची म्हणाला, काच माझी चोख आहे.
मी काही म्हणालो नाही.
तळाशी बोटभर चिखल राहिला
तर पाणी परत येतं, हे मला शिकवावं लागलं नव्हतं.

तीन दिवस. वर, खाली.
तिसऱ्या रात्री पारा नळीच्या माथ्यावर आपटला
तो कोरडा टणत्कार मी अजून ऐकतो,
मध्ये हवेची उशी नसल्याचा.
मग ठिपका सरकला.
आणि सरकलेलाच राहिला.
अंधारात कोणी श्वास सोडला नाही,
जणू सोडला असता तर तो आत शिरला असता.

नंतर जिन्यावर ऐकलं:
अणूहून लहान काहीतरी आहे,
सगळ्यात हलक्या अणूचा हजारावा हिस्सा, कदाचित त्याहूनही कमी,
आणि ते सगळ्यांत आहे, काचेत, पाऱ्यात, पीचीच्या खोकल्यात.
नाव तेव्हा ठरलं नव्हतं.
शिकलेली माणसं त्यावर भांडत होती:
जे तुटत नाही म्हणून अणू, ते तुटेल कसं?
मला नवल वाटलं नाही.
एक तीळ सात जणांत वाटून खाणारं घर आमचं
(तीळ कसला, खारवलेला हेरिंग).
संपलं असं वाटल्यावरही
आई सुरी फिरवायचीच.

आता माझे हात थरथरतात.
डॉक्टर म्हणतो, पारा. दोन दात त्यानेच नेले.
बशीत कप वाजतो तेव्हा नात हसते,
आजोबांचा टेलिग्राफ सुरू झाला म्हणते.

काल तिने रेडिओचं मागचं फळकूट काढलं.
आत काचेच्या तीन बाहुल्या, मंद तांबूस,
दूर लंडनमध्ये कोणी व्हायोलिन वाजवत होतं.
हेस्टर म्हणाली, यांच्या आत काय असतं?
काही नाही, मी म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली,
थापा मारतोय की काय म्हणून.
काही नाही गं, खरंच. फार कष्टाने काढलेलं काही नाही.

खांब म्हणे आता बापापेक्षा उंच दिसला असता.
बघायला जायचंय एकदा, पाऊस नसेल तेव्हा.