दुसरी डिस्क

साखर पेठेत बिट्ला काकाच्या दुकानात
दोन डिस्कचं पाकीट दहा रुपये भाड्यानं.
वरचं चित्र झेरॉक्सचं, इतकं काळं
की राक्षस कुठला आणि डोंगर कुठला
ते काकालाही सांगता येईना.
"कोरियाचा हाय," तो म्हणाला, "राजाबिजा हाय, तलवारी हायत.
दहाच्या आत आणून दे. ओरखडा पडला तर पन्नास."

ओरखडा आधीच होता.

त्या दिवशी कारखाने बंद, गल्लीत खटखट नाही,
त्यामुळे घोड्यांच्या टापा फारच जवळून आल्या.
नाना खाटेवर, कानातला कापूस
सुट्टीच्या दिवशीही तसाच.
आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप,
पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री चालवत,
हाताकडे न बघता.
संध्याकाळपर्यंत हजार विड्या.
राक्षस येवो न येवो.

सिनेमा कोरियाचा, बोलणं हिंदीत,
आणि राजाचे हुकूम मी आईला तेलुगूत सांगायचो.
वाटेत सेनापतीचा मामा झाला
आणि बंडाचं नुसतं भांडण.
शिपायांच्या डोक्यावर काळ्या जाळीच्या टोप्या.
नाना उठले, टीव्हीची काच बोटानं चाचपली:
"घोड्याचा केस हाय. वीण बघ कसली बारीक."
काचेच्या आत गाव जळत होतं.

मग तो आला.
किल्ल्याच्या खंदकातून, अंगाला शेवाळ,
पाणमांजरासारखं तोंड, बैलगाडीएवढे पंजे.
पहाऱ्यासाठी शंभर वर्षांपूर्वी बांधून ठेवलेला.
राजे बदलले,
सोडायचा हुकूम तेवढा कुणी काढला नाही.
मी हे सगळं सांगितलं. आईची कात्री थांबली.
"तिन्नदा?"
खाल्लं का त्यानं, एवढंच तिला हवं होतं.
शंभर वर्षं, म्हणजे कोण टाकत होतं त्याला?
सिनेमात ते नव्हतं.

दुसऱ्या डिस्कवर तिरंदाजानं दोरी कानापर्यंत ओढली,
जनावरानं झेप घेतली,
आणि चित्राचे चौकोन झाले.
पंजा एकीकडे, डोळा भलतीकडे.
मी डिस्क शर्टाला पुसली, टूथपेस्ट लावली,
नानांनी यंत्राला वरून एक थाप दिली.
तो हवेतच.
आईनं पंचवीसचा कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला:
"गेला असंल पाण्यात परत.
त्याचं काय काम होतं वर?"

दहा वाजता पाकीट परत. पन्नास रुपये कापले.

आता तोच सिनेमा पत्र्याच्या डब्यात निघालाय,
एकेक चौकट धुऊन पुसून,
सोबत जाड पुस्तिका, कोरियनमध्ये.
मी मागवला. कस्टमवाल्यांनी डब्याएवढेच पैसे घेतले.
घरात डिस्कचं यंत्रच नाही राहिलं,
म्हणून शेजारच्या श्रीनिधीचा गेमचा खोका आणला,
तो म्हणाला, "फोनवर बघायचं ना, अण्णा."

चित्र इतकं साफ
की जनावराच्या पाठीवरची शिवण दिसते.
नाना, ज्यांना आता काहीच ऐकू येत नाही,
खुर्ची ओढून पडद्याला नाक लावतात,
बराच वेळ टोपी बघतात
आणि आम्हाला सगळ्यांना फसवल्यासारखे म्हणतात, "नायलॉन."

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पडद्यावर फक्त उजेड हलतो.
सूप माळ्यावर गेलं, तरी अंगठा
तर्जनीवर काहीतरी वळतच असतो.
मी सांगत जातो, सेनापती, बंड,
यावेळी कुणाचा मामा न करता.
तिरंदाज दोरी ओढतो.
झेप.
चौकोन होत नाहीत.
बाण लागतो, तो पडतो, ढोल वाजतो,
सगळं मिळून अकरा सेकंदं.

"काय झालं?"

"पाण्यात गेला," मी सांगतो. तेलुगूत.

ती मान हलवते. अंगठा थांबतो.
"आणि साखळी? ती कुणी सोडली?"

मला आठवत नाही. आत्ताच बघितलं तरी आठवत नाही.
मी उशीखाली, खाटेखाली रिमोट शोधतो.
मागे नेऊन बघायला पाहिजे.