चाल केरसीची

माळ्यावरून पेटी उतरवताना
झेंडेकरी निसटून फरशीवर पडला.
नऊ वर्षं अंधारात धडधाकट उभा होता,
माझा हात लागला आणि जखमी.

रंगांच्या बाटल्यांत खडे झालेत.
एक तपकिरी तेवढी जिवंत,
पाणी घालून हलवली तर म्हणाली, चला.

डोंगर नवा करायला घेतला:
द्राक्षांच्या पेटीतला फोम,
वाळवलेला चहाचा चोथा,
मखमलाबादच्या बांधावरची चाळलेली माती.
रामशेज करायचा होता.
कडा कापताना सुरी घसरली,
निघाला भलताच कुठला.
असू दे, यालाही कुणीतरी लढवेल.

पूर्वी मी बुबुळात पांढरा ठिपकासुद्धा द्यायचो.
आता चष्मा लावूनही
भुवईखाली एक सावली, बस.
आंधळं पायदळ रांगेत वाळतंय.

देवळालीला तोफांचा सराव चालू आहे,
खिडकीची काच थरथरते.
टेबलावरचं कुणीही
जागचं हलत नाही.

पेटीच्या तळाशी वहीचं पान:
फेरी सहावी. पूल माझ्याकडे. चाल केरसीची.
मग त्याच्या आईचं आजारपण, माझी बदली,
आणि मग नुसतंच
आज नको, उद्या करू फोन.

आज केला.
तिकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"माझं घोडदळ अजून नदीपलीकडेच ना?"

पलीकडेच आहे, म्हटलं.
नदी पिवळी पडलीय जरा.
आणि येताना फासे आण,
माझ्यातला एक सापडत नाहीये.